विश्लेषण : अणूच्या केंद्रकाचा लांबटपणा 1.8 टक्क्यांनी वाढला, त्यात एवढं काय?

थोरियमवर चालणाऱ्या 'न्यूक्लिअर क्लॉक'च्या पोस्ट सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. जगातलं सगळ्यात अचूक घड्याळ तयार झालं, असं त्यात सांगितलेलं असतं. खाली कमेंटमध्ये कुणीतरी भारतातल्या थोरियमच्या साठ्यांची आठवण काढतं आणि कुणीतरी विचारतं, याचा स्फोट तर होणार नाही ना?

यातलं घड्याळ अजून तयार झालेलं नाही. केरळच्या वाळूत मिळणारं थोरियम त्याला चालत नाही. आणि त्याचा स्फोटही होत नाही.

मग झालंय काय? 'थोरियम-229' या अणूच्या केंद्रकाला लेझरच्या प्रकाशाने उत्तेजित करता येतं, हे 2024 मध्ये प्रत्यक्ष करून दाखवण्यात आलं. मोटार, मोबाइल, इंटरनेट या सगळ्या तंत्रज्ञानात आपण अणूचं बाहेरचं कवच, म्हणजे इलेक्ट्रॉन, हाताळत आलो. आतल्या केंद्रकाला लेझरने हात घालण्याची ही पहिलीच वेळ. पुढे याच मोजमापातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. उत्तेजित झाल्यावर या केंद्रकाचा आकारही किंचित बदलतो, त्याचा लांबटपणा सुमारे 1.8 टक्क्यांनी वाढतो. लेझरची बातमी गाजली, आकाराची मागे राहिली. खरं तर दुसरी बातमी जास्त मोलाची आहे.

आधी शब्दांचा घोळ

मराठीत 'अ‍ॅटॉमिक' आणि 'न्यूक्लिअर' या दोन्ही शब्दांना आपण 'अणु'च लावतो. अणुऊर्जा, अणुबॉम्ब, अणुभट्टी. त्यामुळे ही बातमी मराठीत आली की गोंधळ होतो. अणुघड्याळ ही जुनीच वस्तू आहे. सीझियमच्या अणूतले इलेक्ट्रॉन ज्या ठरावीक लयीत प्रतिसाद देतात, त्यावर 1967 पासून 'एक सेकंद' ठरतो: 9,192,631,770 आंदोलनं झाली की एक सेकंद. नवं आहे ते केंद्रकीय घड्याळ. त्यात लय इलेक्ट्रॉनची नसते, अणूच्या मध्यभागी असलेल्या केंद्रकाची असते. केंद्रक हे अख्ख्या अणूच्या हजारो पट लहान असतं आणि इलेक्ट्रॉनच्या कवचाआड दडलेलं असतं, म्हणून बाहेरच्या विद्युत आणि चुंबकीय गडबडीचा त्याला त्रास कमी होतो. चांगल्या लंबकासाठी हा गुण मोठाच.

केंद्रक गोल नसतं?

शाळेच्या पुस्तकात केंद्रक म्हणजे लाल-निळ्या गोट्यांचा लाडू. काही केंद्रकं खरोखरच तशी, किंवा जवळपास तशी असतात. पण बरीचशी नसतात. युरेनियम-238 चं केंद्रक जांभळासारखं लांबट असतं, लांबी जाडीच्या सव्वापटीहून थोडी जास्त. काही केंद्रकं पेढ्यासारखी चपटी असतात. रेडियम-224 चं केंद्रक एका टोकाला फुगीर, पेअर या फळासारखं असल्याचं 2013 मध्ये 'सर्न'च्या प्रयोगात दिसलं. शिसं-186 चं प्रकरण तर मजेशीर आहे. या एकाच केंद्रकाच्या अगदी जवळजवळच्या ऊर्जांवर गोल, चपटा आणि लांबट असे तिन्ही आकार सापडले, हे 2000 साली प्रसिद्ध झालं. थोडी ऊर्जा दिली की लाडवाचा पेढा, आणखी थोडी दिली की जांभूळ.

असं का होतं, याचं उत्तर 1950 च्या दशकात मिळालं. केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ठरावीक कक्षांमध्ये फिरतात. कक्षा पूर्ण भरलेल्या असल्या की सगळं समतोल, केंद्रक गोल. अर्धवट भरलेल्या असल्या की बाहेरचे मोजके कण आतल्या गर्दीला एका दिशेला ओढतात आणि सगळं केंद्रक ताणलं जातं. जेम्स रेनवॉटर यांनी ही कल्पना 1950 मध्ये मांडली. ऑगे बोर आणि बेन मॉटलसन यांनी कोपनहेगनमध्ये तिचा पूर्ण सिद्धांत उभा केला. तिघांना 1975 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑगे हे नील्स बोर यांचे चिरंजीव. वडिलांनी अणूचं चित्र दिलं, मुलाने त्याच्या गाभ्याचं.

पण इतक्या लहान वस्तूचा आकार बघायचा कसा?

फोटो काढता येत नाही. पण केंद्रकाला ऊर्जा दिली की ते कोणकोणत्या पायऱ्यांवर चढतं, ते मोजता येतं. या पायऱ्यांना 'उत्तेजित अवस्था' म्हणतात. खाली उतरताना केंद्रक गॅमा किरण सोडतं आणि त्या किरणाची ऊर्जा म्हणजे पायरीची उंची.

गोल वस्तू फिरली काय आणि न फिरली काय, क्वांटम जगात फरकच पडत नाही. चेंडू जागेवर फिरवला तरी तो तसाच दिसतो. लांबट वस्तू फिरली तर मात्र कळतं. म्हणून लांबट केंद्रकं थोड्याशा ऊर्जेवरही फिरायला लागतात आणि त्यांच्या पायऱ्या एका ठरावीक हिशेबाने वर जातात. लांबट युरेनियम-238 ची पहिली पायरी सुमारे 45 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे, दुसरी 148 हजारांवर. दोघींचं गुणोत्तर 3.3. कडक लांबट वस्तू फिरली तर गणिताने हे गुणोत्तर 3.33 यायला हवं. म्हणजे आकार न बघताच आकार कळला. याउलट शिसं-208 हे जवळपास गोल केंद्रक. त्याची पहिली पायरी थेट 26 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टवर.

अलीकडे दुसरी वाटही सापडली आहे. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत युरेनियमची केंद्रकं प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांवर आदळवली, आणि उडालेल्या कणांच्या पसाऱ्यावरून टकरीच्या क्षणी केंद्रकाचा आकार काय होता हे काढलं. 'स्टार' गटाचा हा निबंध नोव्हेंबर 2024 मध्ये 'नेचर'मध्ये आला. अपघातानंतर रस्त्यावरच्या काचा बघून गाडी ओळखण्यासारखा हा प्रकार.

थोरियम-229 इतकं खास का?

वरचे आकडे बघा: 45 हजार, 148 हजार, 26 लाख. केंद्रकाच्या पायऱ्या अशा उंच असतात. लेझरच्या प्रकाशाचा एक कण साधारण दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो, फार ताणलं तर दहाच्या आसपास. त्यामुळे लेझरने केंद्रकाला पायरी चढवणं म्हणजे वाटीभर पाणी ओतून धरणाची पातळी वाढवणं.

थोरियम-229 हा याला अपवाद. त्याची पहिली पायरी फक्त 8.36 इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. आतापर्यंत माहीत असलेल्या हजारो केंद्रकांमध्ये इतकी बुटकी पायरी दुसरीकडे कुठेच सापडलेली नाही. कारण पुन्हा आकारच. या केंद्रकात 90 प्रोटॉन आणि 139 न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉनच्या जोड्या लागल्या की एक एकटा उरतो. केंद्रक लांबट असल्यामुळे न्यूट्रॉनच्या कक्षांच्या ऊर्जा वरखाली सरकलेल्या असतात, आणि या एकट्या न्यूट्रॉनसाठी दोन वेगळ्या कक्षा योगायोगाने जवळपास एकाच उंचीवर येऊन बसल्या आहेत. एकीतून दुसरीत जायला हवी तेवढी ऊर्जा म्हणजे 8.36. केंद्रक गोल असतं तर हा योग जुळलाच नसता.

ही पायरी आहे हे 1976 मध्येच गॅमा किरणांच्या हिशेबावरून कळलं होतं. नेमकी किती उंच, ते कळायला 48 वर्षं गेली. आधी वाटलं 100 पेक्षा कमी, मग 3.5, मग 2007 मध्ये 7.6. लेझरवाल्यांची पंचाईत अशी की नेमका रंग माहीत नसेल तर दार कुठे ठोठवायचं तेच कळत नाही. तरीही जर्मनीतल्या पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेचे एक्केहार्ड पाइक आणि ख्रिश्चन टाम यांनी 2003 मध्येच या पायरीवर घड्याळ बनवता येईल असं मांडून ठेवलं होतं. 2016 मध्ये म्युनिकच्या गटाने या अवस्थेचा पहिला थेट पुरावा दिला. 2023 मध्ये 'सर्न'मध्ये तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाश दिसला. एप्रिल 2024 मध्ये व्हिएन्नाचं तंत्र विद्यापीठ आणि पीटीबी यांनी कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकात थोरियम मिसळून, 148.38 नॅनोमीटरच्या लेझरने केंद्रकाला पायरी चढवली. लगेच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या गटाने वेगळ्या स्फटिकात तेच करून दाखवलं.

आणि सप्टेंबर 2024 मध्ये कोलोरॅडोतल्या 'जिला' संस्थेत जुन ये यांच्या गटाने व्हिएन्नात बनलेला स्फटिक घेऊन ही लय थेट स्ट्रॉन्शियमच्या अणुघड्याळाशी ताडून बघितली. आकडा आला 2,020,407,384,335 किलोहर्ट्झ, शेवटच्या अंकात दोनची अनिश्चितता. आधीच्या मोजमापापेक्षा ही झेप काही साधी नव्हती. अनेक पोस्टमधली 'घड्याळ तयार झालं' ही समजूत इथूनच आली असावी.

आकार बदलला, त्याचं काय?

जिलाच्या प्रयोगात एक रेष दिसायला हवी तिथे शेजारी शेजारी अनेक रेषा दिसल्या. केंद्रक गोल नसल्यामुळे स्फटिकातल्या विद्युत क्षेत्रात ते कोणत्या दिशेला तोंड करून बसलं आहे, यावर ऊर्जा किंचित बदलते. त्यामुळे एका रेषेच्या अनेक होतात. त्यांच्यातलं अंतर मोजलं की खालच्या आणि वरच्या अवस्थेच्या आकाराची तुलना करता येते. दोन्ही अवस्थांचा स्पिन वेगळा आहे. आकार अगदी सारखा असता आणि फक्त स्पिनचाच फरक असता, तर गुणोत्तर 0.56 यायला हवं होतं. प्रत्यक्षात आलं 0.57003. वरचा हा शतांश म्हणजेच लांबटपणातला 1.8 टक्क्यांचा फरक.

आता यात पणाला काय लागलं आहे, ते एका दुकानाच्या हिशेबाने समजून घेता येईल. समजा, एका किराणा दुकानाची रोजची खरेदी 50,000 रुपयांची आणि विक्री 50,008 रुपयांची. नफा फक्त आठ रुपये. खरेदीचा भाव दहा हजारांत एक भाग इतका वाढला तर खरेदी पाच रुपयांनी वाढेल आणि नफा निम्म्याहून खाली येईल. खरेदीच्या वहीत जो बदल दिसणारही नाही, तो गल्ल्यात लगेच दिसतो.

थोरियम-229 चे 8.36 इलेक्ट्रॉन-व्होल्ट हा असाच नफा आहे. न्यूट्रॉनने कक्षा बदलली की केंद्रकाचा आकार बदलतो. आकार बदलला की प्रोटॉन एकमेकांपासून किंचित वेगळ्या अंतरावर जातात आणि त्यांच्यातली विद्युत ऊर्जा बदलते. हा बदल सुमारे 50 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे. उलट बाजूने केंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाची ऊर्जा जवळपास तितकीच बदलते. दोन्हींची वजाबाकी होऊन हातात उरतात आठ.

विद्युत बलाचा 'भाव' ठरवतो तो सूक्ष्मरचना स्थिरांक, साधारण एक भागिले 137. हा स्थिरांक खरोखरच स्थिर आहे का, हा भौतिकशास्त्रातला जुना प्रश्न. विश्वातलं कृष्ण द्रव्य अतिशय हलक्या कणांचं असेल तर त्याच्या लाटांबरोबर हा स्थिरांक अत्यल्प प्रमाणात हेलकावे खाईल, असं काही सिद्धांत म्हणतात. आजच्या अणुघड्याळांनी केलेल्या तपासणीनुसार तो बदलत असेलच, तर वर्षाला 1 वर 18 शून्यं इतक्या भागांत एखाद्या भागाच्या आसपास, त्याहून जास्त नाही. पुढे जायचं तर जास्त संवेदनशील गल्ला हवा.

थोरियमचा गल्ला किती संवेदनशील, यावर मात्र तज्ज्ञांचंच एकमत नव्हतं. सिडनीचे व्हिक्टर फ्लॅमबॉम यांनी 2006 मध्ये सांगितलं की स्थिरांकातला बदल थोरियमच्या लयीत लाखपट मोठा होऊन दिसेल. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने गणित मांडलं की असा काही फायदा होणार नाही. सगळा वाद एकाच माहितीवर अडला होता: दोन अवस्थांमध्ये केंद्रकाचा आकार नेमका किती बदलतो? तो शतांश हातात आल्यावर व्हिएन्नाच्या गटाने नवा हिशेब केला आणि 2025 मध्ये तो 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर आलं सुमारे 5,900 पट, अनिश्चितता 2,300 ची. लाखपट नाही, पण शून्यही नाही. अनिश्चितता मोठी आहे, कारण रेषांमधलं अंतर कितीही अचूक मोजलं तरी त्यावरून विद्युत ऊर्जा काढताना केंद्रकाचं एक सरळसोट गणिती चित्र गृहीत धरावं लागतं, आणि खरं केंद्रक तितकं सरळसोट नसावं. हा आकडा पुढे बदलला तर आश्चर्य वाटायला नको. पण यंत्र उभारण्यासाठी पैसे मागायला लागेल इतका आधार त्याने नक्की दिला आहे.

मग घड्याळ कधी?

घाई नको. जिलाचं मोजमाप साधारण 12 अंकांपर्यंत अचूक आहे. त्याच संस्थेतलं स्ट्रॉन्शियमचं अणुघड्याळ 18 अंकांपर्यंत जातं. ते विश्वाच्या वयाहून जास्त काळ चाललं तरी त्याचा एक सेकंद चुकणार नाही. म्हणजे नवं घड्याळ आज जुन्याच्या बरंच मागे आहे. अडचण लेझरची आहे. 148 नॅनोमीटरचा प्रकाश हवेतच शोषला जातो, त्यामुळे सगळं निर्वात नळ्यांमध्ये करावं लागतं, आणि या रंगाचा जोरदार, स्थिर लेझर बनवणं जिकिरीचं आहे. शिवाय स्फटिकाचं तापमान बदललं की रेषा सरकतात. फायद्याची बाजू अशी की ही लय घन पदार्थात चालते. आजची उत्तम अणुघड्याळं निर्वातात तरंगत्या अणूंवर चालतात आणि त्यांना खोलीभर सामान लागतं. डिसेंबर 2024 मध्ये जिला आणि लॉस एंजेलिसच्या गटांनी थोरियम फ्लोराइडचा पातळ थर देऊन स्फटिकाऐवजी काम भागवलं. त्यात किरणोत्सार सुमारे हजारपट कमी झाला.

स्फोटाच्या भीतीचं उत्तर आकड्यातच आहे. युरेनियमचं एक केंद्रक फुटलं की सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर पडतात, इथे आठ. मात्र उत्तेजित केंद्रकांवरून असा गाजावाजा याआधी एकदा झालेला आहे. हाफ्नियम-178 च्या एका उत्तेजित अवस्थेत 24 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट अडकून पडतात आणि ती अवस्था 31 वर्षांच्या अर्धायुष्याने टिकते. हेही लांबटच केंद्रक. दातांच्या दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्राने ही ऊर्जा हवी तेव्हा सोडवता येते, असा दावा टेक्सासमधल्या एका गटाने 1999 मध्ये केला. 'हाफ्नियम बॉम्ब'च्या बातम्या आल्या, अमेरिकी संरक्षण खात्याने त्यात पैसेही घातले. आर्गॉन प्रयोगशाळेत कितीतरी प्रखर क्ष-किरण वापरून तपासलं, तेव्हा तसं काहीच दिसलं नाही. थोरियमच्या बाबतीत फरक असा की तीन देशांतल्या गटांना, वेगवेगळ्या स्फटिकांत, एकाच रंगाच्या प्रकाशावर तीच पायरी सापडली आहे.

भारताचा संबंध किती?

केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत आहे ते थोरियम-232. घड्याळाला हवं ते थोरियम-229. त्याचं अर्धायुष्य सुमारे 7,900 वर्षं, त्यामुळे पृथ्वीच्या जन्माच्या वेळचं थोरियम-229 कधीच संपलं. आज ते मिळतं युरेनियम-233 च्या ऱ्हासातून, आणि युरेनियम-233 माणसाने थोरियम-232 पासून अणुभट्टीत बनवलेलं असतं. या ऱ्हासाची गती इतकी मंद की एक किलो युरेनियम-233 वर्षभर ठेवलं तर जेमतेम 4 मिलिग्रॅम थोरियम-229 जमतं. प्रयोगशाळांचा मुख्य स्रोत म्हणजे अमेरिकेत ओक रिज इथे दशकानुदशकं पडून असलेला जुना साठा. त्यावर कर्करोगाच्या उपचारांसाठी अ‍ॅक्टिनियम-225 काढणाऱ्यांचाही डोळा आहे, कारण तेही थोरियम-229 मधूनच येतं.

इथे भारत खरोखर चित्रात येतो. डॉ. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमातला तिसरा टप्पा थोरियमपासून युरेनियम-233 बनवण्याचाच आहे, आणि कल्पाक्कमची छोटी 'कामिनी' अणुभट्टी 1996 पासून युरेनियम-233 वर चालते. हे इंधन बनवण्याचं आणि हाताळण्याचं कसब फार थोड्या देशांकडे आहे. साठवलेल्या युरेनियम-233 मध्ये थोरियम-229 आपोआप, थेंबाथेंबाने तयार होत असतं. प्रयोगाला ते मायक्रोग्रॅममध्ये लागतं.

घड्याळांची गरज तर आपल्याला आहेच. दिशादर्शनात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर 30 सेंटिमीटरची चूक. 'नाविक' मालिकेतल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही आयात घड्याळं बंद पडली, त्यानंतर मे 2023 मध्ये 'एनव्हीएस-01' वर देशी रुबिडियम घड्याळ गेलं. तिथून केंद्रकीय घड्याळापर्यंतचं अंतर मोठं आहे.

लांबट केंद्रकांचा अभ्यास मात्र मुंबईला नवा नाही. कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात 1988 पासून पेलेट्रॉन त्वरक चालतो आहे. गॅमा किरण टिपणाऱ्या जर्मेनियमच्या शोधकांचा 'इंगा' नावाचा संच मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या त्वरकांवर आळीपाळीने मांडला जातो. त्यातून निघणाऱ्या किरणांच्या ऊर्जांवरून केंद्रकाच्या पायऱ्या मांडल्या जातात, आणि पायऱ्यांच्या उंचीवरून ठरतं की समोरचं केंद्रक लाडू आहे, पेढा आहे की जांभूळ.